शंभरातले अठरा : निकालाच्या टक्क्यामागचा इतिहास

निकाल लागला की मेहकरात काय, लोणारात काय नि चिखलीत काय, पहिला प्रश्न एकच असतो : "किती टक्के लागला?" कशाचे टक्के, असं मात्र कुणी विचारत नाही. अपूर्णांक शिकवताना आपण मुलांना सांगतो की छेद बदलला की किंमत बदलते. निकालाचा कागद हाती आला की आपण स्वतःच ते विसरतो. आज बोलायचंय ते या छेदाबद्दल. संख्याशास्त्र थोडं येईल, पण इतिहासाच्या वाटेने येईल.

सुरुवात 1862 सालापासून करू. इंग्लंडमध्ये त्या वर्षी एक नियम आला. इन्स्पेक्टरने शाळेत यायचं, एकेका मुलाची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घ्यायची, आणि किती मुलं उतरली त्यावर शाळेचं अनुदान ठरवायचं. निकालाप्रमाणे पैसे. ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. आपला बुलढाणा तेव्हा त्या इलाख्यात नव्हता बरं का. 1853 पासून वऱ्हाडाचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. पण दिपोटी येणार म्हटल्यावर मास्तरांच्या पोटात उठणारा गोळा कुठल्या इलाख्याची हद्द पाळत नसावा.

आता त्या मास्तरांच्या जागी बसून बघा. पगार निकालावर अवलंबून. कच्चं पोर परीक्षेला बसलं काय नि न बसलं काय, त्याच्यावर पैसे मिळणार नाहीत. मग मेहनत कुणावर घ्यायची? जे काठावर आहे त्याच्यावर. तळाचं पोर सोडून द्यायचं आणि हुशार पोर आपलं आपण उतरेल म्हणायचं. यात मास्तर वाईट नाही. त्याला जो आकडा विचारला, तो त्याने वाढवला.

1882 साली हंटर आयोग आला. जोतीराव फुल्यांनी त्या ऑक्टोबरात पुण्याहून आयोगाला निवेदन दिलं. सगळे शिक्षणावरचं निवेदन म्हणून त्याचं नाव घेतात, पण त्यात या पद्धतीवरही बोट ठेवलेलं आहे. फुल्यांचं म्हणणं असं की गरीब, अजून शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत निकालाप्रमाणे पैसे ही पद्धत चालायची नाही. तिथे स्वतःच्या भरवशावर शाळा काढायला कुठला मास्तर पुढे येईल? त्याचं पोट भरणार नाही. म्हणजे जी शाळा निघालीच नाही, तिचा निकाल शून्य टक्केही लागत नाही. ती तक्त्यात येतच नाही. मला हे फार मोठं निरीक्षण वाटतं.

तिथून सरळ 1929 वर येतो. सायमन कमिशनला जोडून एक समिती नेमली होती, अध्यक्ष सर फिलिप हार्टोग. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच. या समितीने एक साधा हिशोब मांडला. 1922-23 साली पहिलीत 100 मुलं-मुली होत्या असं धरा. तीन वर्षांनी, 1925-26 साली, चौथीत किती? 18. चौथीच्या निकालाचे टक्के तोपर्यंत सगळे काढत होते. हार्टोग समितीने छेद उचलून पहिलीच्या दारात नेऊन ठेवला. मधल्या 82 जणांसाठी दोन शब्द रूढ झाले, गळती आणि स्थगन. गळती म्हणजे शाळा सुटणं, स्थगन म्हणजे त्याच वर्गात बसून राहणं.

पण हा छेदही स्वच्छ नव्हता, हे लक्षात घ्या. पहिलीच्या पटावर त्या वर्षी आलेली नवी मुलं होतीच, शिवाय मागच्या वर्षी तिथेच राहिलेली जुनीही होती. म्हणजे 100 मधली काही आधीच एकदा मोजलेली. खरी नवी मुलं धरली तर 18 हा आकडा थोडा वर जाईल. आणि या आकड्यातून निष्कर्ष काय निघाला? विस्तार आवरा, आहेत त्या शाळा सुधारा. रा. वि. परुळेकरांसारख्या मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञांनी याच्याशी वाद घातला. दर्जासाठी प्रसार थांबवू नका, हा त्यांचा आग्रह होता. आकडा खरा असून त्यावरून काढलेलं धोरण चुकू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता वर्गात येऊ. हे आकडे मी मनचे घेतोय, हिशोबासाठी. दोन वर्ग, प्रत्येकी दहा मुलं, 50 पैकी गुण. पहिला वर्ग : 24, 26, 27, 28, 29, 31, 32, 33, 34, 36. दुसरा वर्ग : 8, 9, 11, 12, 40, 42, 43, 44, 45, 46. बेरीज करा. दोन्हीकडे 300, सरासरी 30. केंद्राच्या बैठकीत दोन्ही गुरुजी सारखेच. पण दुसऱ्या वर्गात 30 च्या आसपासचं एकही पोर नाही! ती सरासरी कुणाचीच नाही. मध्यक काढा, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. पहिल्या वर्गात 30, दुसऱ्यात 41. विस्तार बघा, सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान. पहिल्यात 12, दुसऱ्यात 38. प्रमाण विचलन काढता आलं तर उत्तमच, पण या दोन गोष्टींना कागद-पेन्सिल पुरते.

आता खरी गंमत. गंमत म्हणजे दुःखच. दिवाळीनंतर 8 आणि 9 गुणांची ती दोन मुलं आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेली. पुढची चाचणी आठच जणांनी दिली. समजा प्रत्येकाला तेवढेच गुण पडले. बेरीज 283, सरासरी 35 च्या वर. पाच गुणांची प्रगती! कुणी एक अक्षर जास्त शिकलेलं नाही.

छोट्या शाळेत तर हे फारच होतं. वर्गात सात मुलं असतील तर एक पोर म्हणजे 14 टक्के. एकाला ताप आला की शाळेची 'अधोगती'. अशा वर्गाचे टक्के काढूच नयेत असं माझं मत आहे. सात नावं लिहावीत.

आणि गुण तरी किती पक्के? याच हार्टोग साहेबांनी पुढे इंग्लंडात 1935 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका त्यांनी 15 परीक्षकांना पुन्हा तपासायला दिल्या. गुण पडले 21 पासून 70 पर्यंत. वर्ष-दीड वर्षाने 14 परीक्षकांना तेच पेपर पुन्हा दिले, तर 210 पैकी 92 वेळा निवाडाच बदलला. आपल्याकडे आठवीपर्यंतच्या श्रेण्यांत 41 ला क-2 आणि 40 ला ड. त्या एका गुणावर पोराची कुवत ठरवण्याआधी हा अभ्यास आठवावा.

आजच्या सर्वेक्षणांतही छेदाचा प्रश्न तसाच आहे. 13 नोव्हेंबर 2017 ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, तिसरी, पाचवी नि आठवीचं. ते शाळेत झालं, म्हणजे त्या दिवशी जे हजर ते छेदात. 2005 पासूनचा 'असर' मात्र घरी जातो. ग्रामीण जिल्ह्यात 30 गावं, प्रत्येक गावात 20 घरं. तिथे शाळा सोडलेलं पोरही मोजलं जातं, आणि प्रश्न सरासरीचा नसतो, दुसरीचा उतारा वाचता येतो की नाही हा असतो. या दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की आपण कोण खोटं बोलतंय ते शोधतो. अहो, दोघांनी वेगळी मुलं मोजलीत आणि वेगळी गोष्ट विचारलीय.

म्हणून माझी सूचना एवढीच की निकालपत्रकावर सरासरीच्या शेजारी तीन रकाने आखा : जूनमधला पट, चाचणीला हजर, आणि जे नव्हते त्यांची नावं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते घेऊन ती दुसऱ्या गावच्या शाळेत बसतात. होळीच्या सुमारास परत येतात. त्या मुलाचे गुण कुठल्या शाळेच्या छेदात धरायचे, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. प्रश्नोत्तरांत आधी तोच घेऊ.