धोंडो : अर्थ, इतिहास आणि प्रचलन

मराठी नावांच्या परंपरेत ‘धोंडो’ हे नाव आज अत्यंत विरळ झाले आहे. नव्याने जन्मलेल्या बालकाचे हे नाव ठेवल्याचे क्वचितच ऐकिवात येते. जुन्या पिढीतील काही व्यक्तींच्या नावात आणि त्याहूनही अधिक प्रमाणात वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांत मात्र ते अद्याप टिकून आहे. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर ही नावे वाचताना मधल्या ‘धों.’ या अक्षराकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. त्या एका अक्षरामागे मात्र बालमृत्यूंनी ग्रासलेल्या समाजाचा दीर्घ इतिहास आहे.

‘धोंडा’ म्हणजे मोठा दगड. त्यावरून धोंडो, धोंडू, धोंडजी, धोंडिबा, धोंडीराम ही पुरुषांची आणि धोंडाबाई, धोंडूताई ही स्त्रियांची नावे तयार झाली. ओकारान्त रूप जुन्या मराठीच्या वळणाचे असून मोरो, चिंतो, दत्तो, विठो ही नावेही त्याच घडणीची आहेत. शिवकालातील मोरो त्रिंबक पिंगळे किंवा विसाव्या शतकातील इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

या शब्दाला मराठीत दोन टोकांचे अर्थ आहेत. एकीकडे धोंडा हा निरुपयोगीपणाचे प्रतीक आहे. नाकर्त्या मुलाला उद्देशून ‘यापेक्षा पोटी धोंडा आला असता, तर धुणे धुवायला तरी उपयोगी पडला असता’ असे उद्गार काढले जातात. दुसरीकडे, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला धोंडा हाच म्हसोबा असतो आणि त्याच्यापुढे नारळ फुटतो. अधिक मासाला ‘धोंड्याचा महिना’ म्हणतात आणि त्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण दिले जाते. टाकाऊ, पूज्य आणि अविनाशी या तिन्ही छटा एकाच शब्दात असल्यामुळेच तो नाव म्हणून निवडला गेला असावा.

ही निवड बहुधा हौसेची नसे. ज्या घरात अपत्ये जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हलके ठेवण्याची प्रथा होती. सुंदर नावाच्या, कौतुकाच्या मुलावर दृष्ट पडते, मृत्यूचीही नजर जाते. धोंड्याकडे कोण पाहणार, अशी त्यामागील समजूत होती. दगडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकाजी, फकिरा ही नावे याच वर्गातील आहेत. नावासोबत काही विधीही केले जात. मूल दुसऱ्या स्त्रीच्या ओटीत घालून मूठभर कोंड्याच्या मोबदल्यात परत घेतले, तर त्याचे नाव कोंडाजी किंवा कोंडिबा ठेवत, असे सांगितले जाते. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवले, तर तो नथू होई.

ही प्रथा केवळ महाराष्ट्रापुरती नव्हती. बंगालमध्ये तीन कवड्यांना ‘विकलेले’ मूल तीनकडी आणि पाच कवड्यांचे पाचकडी होत असे. तामिळनाडूतील कुप्पुस्वामी या नावाच्या मुळाशी ‘कुप्पै’ म्हणजे केरकचरा हा शब्द आहे, तर तेलुगू भाषकांतील पेंटय्या हे नाव उकिरड्यावरून आले आहे. उत्तर भारतात घसीटा, घुरहू, छदामी ही नावे आढळतात. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड कार्नॅक टेंपल यांनी पंजाबी लोकांच्या नावांवर १८८३ साली लिहिलेल्या प्रबंधात अशा तिरस्कारदर्शक नावांची स्वतंत्र दखल घेतली होती. हलक्या नावाचे उदाहरण तर ऐतरेय ब्राह्मणाइतके जुने सापडते. शंभर गायींच्या मोबदल्यात बापाने विकलेल्या शुनःशेपाच्या आणि त्याच्या दोन्ही भावांच्या नावांचा अर्थ ‘कुत्र्याचे शेपूट’ असाच होतो.

तथापि, प्रत्येक हलके नाव प्रेमापोटीच ठेवले गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शूद्राचे नाव जुगुप्सा वाटेल असे असावे, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे काही घरांनी दृष्ट टाळण्यासाठी स्वीकारलेले नाव काही घरांवर वरून लादलेले होते. धोंडो हे नाव दोन्ही प्रकारच्या घरांत आढळते, ही त्याची विशेषता होय. फरक नावाच्या शेपटात दिसतो. ब्राह्मण घरातील धोंडो पुढे धोंडोपंत होई, शेतकरी घरातील धोंडिबा होई आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला म्हातारपणीही धोंड्या म्हणूनच हाक मारली जाई.

इतिहासातही हे नाव वारंवार भेटते. टिपू सुलतानाच्या कैदेतून १७९९ साली सुटलेला बंडखोर सरदार धोंडिया वाघ आणि त्याच्याशी लढताना १८०० साली मारले गेलेले पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले हे एकमेकांचे शत्रू असले, तरी नावाने एकच होते. धोंडिया वाघ १० सप्टेंबर १८०० रोजी आर्थर वेलस्ली यांच्या फौजेशी लढताना पडला. त्याच्या लहान मुलाच्या पालनपोषणाची व्यवस्था पुढे वेलस्ली यांनीच केली. अठराशे सत्तावनच्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचेही मूळ नाव धोंडोपंत. इंग्रजांच्या कागदपत्रांतून ते युरोपात पोहोचले आणि ज्युल व्हर्न यांच्या १८८० सालच्या कादंबरीत ‘दांदू-पंत’ असे रूप घेऊन अवतरले.

या नावाचे सर्वांत आदरणीय धारक म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात जन्मलेल्या कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी त्यांच्यावरील टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नावाच्या प्रभावावर विश्वास असणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण! त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मुले दगावतात म्हणून अधिक मुले हवीत, या समजुतीशी र. धों. आयुष्यभर झगडले आणि स्वतःच्या नावात मात्र त्याच जुन्या भीतीची खूण वागवत राहिले. संगीताच्या क्षेत्रात जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांनी हे नाव देशभर नेले.

नावाची कवचकुंडले नेहमीच उपयोगी पडली असे नाही. पुण्यातील प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या दगडूशेठ हलवाई यांचे स्वतःचे नाव याच वर्गातले. परंतु त्यांचा मुलगा प्लेगमध्ये दगावला आणि त्या दुःखातून गणपतीची स्थापना झाली, असे सांगितले जाते.

येथे एका सार्वत्रिक घोटाळ्याचा उल्लेख आवश्यक आहे. धुंडिराज हे नाव धोंडोशी संबंधित नाही. ढुंढिराज हे गणपतीचे नाव असून काशीत विश्वनाथ मंदिराजवळ त्याचे स्थान आहे. संस्कृतात त्याचा संबंध ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद होते, धोंडीराज नव्हे. बातम्यांचे भाषांतर करणाऱ्यांना हा फरक पदोपदी जाचतो, कारण रोमन लिपीतील मजकुरात ‘ध’ आणि ‘ढ’ एकसारखेच दिसतात आणि हिंदीतून आलेल्या मजकुरात तर धोंडूचा ढोंढू झालेला असतो.

नावांच्या लोकप्रियतेची अधिकृत वार्षिक यादी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होते, भारतात तशी प्रथा नाही. त्यामुळे धोंडो नावाची ओहोटी आकड्यांत मांडता येत नाही. तिचे मुख्य कारण मात्र आकड्यांतच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत. नमुना नोंदणी पाहणीनुसार हे प्रमाण १९७१ साली १२९ होते, ते २०२० साली २८ वर आले; महाराष्ट्रात ते त्या वर्षी १६ होते. ज्या भीतीने हे नाव ठेवले जाई, ती ओसरली. शाळा आणि शहर यांनी उरलेले काम केले. वर्गात हजेरी घेताना पिकणारा हशा टाळण्यासाठी अनेकांनी राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलले. चित्रपटाने या नावांना विनोदी पात्रांच्या वाट्याला टाकले, तरी २०१४ सालच्या ‘टाइमपास’ चित्रपटाने दगडू नावाच्या मुलाला नायक करून थोडी भरपाई केली.

मुलींच्या बाबतीत हलक्या नावाचा अर्थ पुष्कळदा वेगळा, म्हणजे शब्दशः खरा होता. ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नाव दृष्ट टाळण्यासाठी नव्हते. मुलगी खरोखरच नको होती. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये झालेल्या समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुलगा धोंडो झाला तो जगावा म्हणून. नकुसा या नावामागे अशी इच्छा नव्हती.