बिब्बा घातला कोणी?

शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड चालू असताना करण्यासारखं काही नसतं. नुकताच ऑनसाइटहून परतलेला एक मित्र 'मिक्स्ड नट्स'चा डबा घेऊन आला होता, तो सगळ्यांनी मिळून संपवायला घेतला. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "नटला मराठीत काय म्हणतात रे?"

"नट म्हणजे डॉ. लागू," एक जण म्हणाला. "नट म्हणजे बोल्टचा नवरा," दुसरा. "नट म्हणजे आपला मॅनेजर," असं म्हणून तिसऱ्याने हळूच मागे वळून बघितलं. (नव्हता.) 'कवचफळ' असा एक शब्द आहे म्हणे, पण तो वाण्याकडे जाऊन मागून दाखवा!

खरं तर मराठीला हा शब्द नाही ते बरंच आहे, कारण इंग्रजीला तो असूनही कळलेला नाही. त्या डब्यात शेंगदाणे, काजू, बदाम आणि पिस्ते होते, आणि वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात यातलं एकही 'नट' नाही. बदाम आणि पिस्ता ही आंब्यासारख्या फळांच्या कोयीतली बी, काजूचंही तेच. शेंगदाणा तर चक्क कडधान्य. इंग्रज त्याला 'पी' म्हणाला आणि घाबरून पुढे 'नट' जोडलं. आपल्या पूर्वजांनी दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे अनोळखी पीक उपटून बघितलं आणि म्हणाले, हा तर भुईतला मूग! कुळ अचूक ओळखलं. आम्ही वऱ्हाडी लोक त्याहून आळशी, आम्ही नुसतं 'फल्ली' म्हणतो. पुण्यात आल्यावर दुकानात पहिल्यांदा "फल्लीदाणे द्या" म्हटलं तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

असो. डबा संपला, बिल्ड फेल झालं, आणि विकांताला मला आठवला तो डब्यात नसलेला नट. बिब्बा.

माझं आजोळ रोहणा. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. पुलगाव-आर्वी ही १९१७ साली सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे या गावावरून जायची, आता ती बंद आहे. आजीच्या घरी कोनाड्यात एका डबीत बिबे असायचे. काळे, चपटे, आणि आकाराने अगदी पत्त्यातल्या बदामासारखे. मी सात वर्षांचा असताना त्यातला एक दगडाने फोडला. दोन दिवसांनी हात मनगटापासून कोपरापर्यंत फोडांनी भरला. "काहून रे बाबू, बिब्याले हात लावला का?" एवढंच आजी म्हणाली आणि खोबरेल चोळायला बसली. 'बिबा उतला' हा शब्दप्रयोग मी असा शिकलो, प्रॅक्टिकलसकट. तीच आजी थंडीत टाचांच्या भेगांत बिब्याचं तेल भरायची: सुईला बिबा टोचायचा, दिव्यावर धरायचा, आणि गळणारा थेंब भेगेत सोडायचा. (घरी करून बघू नका. मी साताव्या वर्षीच बघितलंय.)

आता तो पत्त्यातला बदाम. इंग्रजाला तिथे हृदय दिसतं, आपल्याला बदाम दिसतो; म्हणून आपण 'बदाम सात' खेळतो, हृदय सात नाही. बिब्याच्या बाबतीत मात्र युरोपलाही हृदयच दिसलं. तिथल्या जुन्या वैद्यांनी त्याला नाव दिलं 'अ‍ॅनाकार्डियम', म्हणजे हृदयासारखं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तेव्हा त्याची रचना बिब्यासारखीच दिसली: खाली लटकलेली बी, वर मांसल बोंड, आणि टरफलात कातडी जाळणारं तेल. १७५३ साली लिनियसने काजूचं शास्त्रीय नाव ठरवलं 'अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले'. थोडक्यात, पश्चिमेकडचा बिब्बा! आणि मूळ बिब्याचं काय? त्याला लिनियसच्या मुलाने 'सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम' हे नाव दिलं, म्हणजे खुणेचं फळ. पाहुण्याने घरमालकाची पाटी स्वतःच्या दारावर लावली आणि घरमालकाला नवी पाटी करून घ्यावी लागली. नावं ठेवताना नेमस्पेस न पाळल्याचे परिणाम.

पण बिब्याची सगळ्यात भारी गोष्ट बगदादमधली आहे. संस्कृत 'भल्लातक' फारसीतून अरबीत गेला तो 'बलाधुर' होऊन. चरकसंहितेत भल्लातकाची रसायनं सांगितली आहेत. अरबी वैद्यांनी ते स्मरणशक्तीचं औषध म्हणून उचललं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण जसे बदाम खायचो तसे तिकडचे विद्यार्थी आणि विद्वान बलाधुर घेऊ लागले. औषध पुढे युरोपातही गेलं. लॅटिनमध्ये त्याच्या पाकाला 'शहाण्यांचा पाक' म्हणत. ते खाऊन लोकांना वेड लागायला लागलं तेव्हा एकाने त्याचं नाव बदलून 'मूर्खांचा पाक' केलं.

तर नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद इब्न याह्या नावाचा एक मोठा इतिहासकार होऊन गेला. ८९२ च्या सुमारास वारला. तो ओळखला जातो 'अल-बलाधुरी' या नावाने. मराठीत सांगायचं तर श्री. बिबवे. शेवटच्या काळात बलाधुरचा रस पोटात गेल्याने त्याला वेड लागलं, इस्पितळात बांधून ठेवावं लागलं आणि तिथेच तो गेला, असं जुने चरित्रकार लिहितात. दुसऱ्या एका परंपरेप्रमाणे रस प्यायले ते त्याचे आजोबा, आणि आडनाव मात्र नातवाला चिकटलं. मला हीच गोष्ट पटते. वेड लागून मरणाऱ्या माणसाला आयुष्यभर त्याच वेडाचं आडनाव आधीच कसं असेल? ते घराण्यातूनच आलेलं असणार.

आता गंमत बघा. या बिबवेसाहेबांचा ग्रंथ म्हणजे 'फुतूह अल-बुल्दान', देश जिंकल्याच्या हकिकती. त्यात त्यांनी लिहून ठेवलंय की इ.स. ६३६ च्या सुमारास बहारीन-ओमानचा अरब सुभेदार उस्मान याने समुद्रमार्गे 'ताना' इथे फौज पाठवली. हे ताना म्हणजे आपलं ठाणे! फौज परत गेली, आणि खलिफा उमर खूश व्हायच्या ऐवजी चिडले, माझी माणसं समुद्रावर धोक्यात घातलीस म्हणून. ठाण्यावरच्या अरब स्वारीची ही माहिती आपल्याला मिळते ती ज्याच्या नावातच बिब्बा आहे अशा माणसाकडून. घोडबंदर रोडला अडकलात तर आठवा. पुणेकरांनी बिबवेवाडीच्या सिग्नलला आठवलं तरी चालेल :)

'खुणेचं फळ' हे नाव मात्र आपल्या परटांमुळे आलं. बिब्याच्या काळ्या रसाला चुना लागला की कापडावरची खूण कितीही धुतली तरी जात नाही. गावभरचे कपडे एका घाटावर, पण कोणाचं धोतर कोणाकडे गेलं असं होत नसे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर अचानक चट्टे उठू लागले. कारण? कॉलरच्या आत धोब्याने घातलेली बिब्याची खूण. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. 'बिब्बा घालणे' याचा इतका शब्दशः पुरावा दुसरा मिळणार नाही.

इथवर हसून झालं. पण बिब्याच्या आत एक पांढरी बी असते, गोडंबी. डिंकाच्या, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. ती बाहेर काढायचं काम विदर्भात अजूनही कित्येक गावांतल्या बायका हाताने करतात. एकेक बिबा दगडावर ठेवून फोडायचा. दर फोडीला तेल उडतं, बोटांवर, चेहऱ्यावर, कधी डोळ्याजवळ. मजुरी मिळते ती निघालेल्या गोडंबीच्या वजनावर. मी एक बिबा फोडला होता आणि त्याच्या खुणा महिनाभर होत्या. यांचे हात कायमचे काळे असतात. काजूच्या कारखान्यातल्या बायकांचंही टरफलातल्या तेलाशी तेच भांडण. दिवाळीला गोडंबी घातलेला लाडू खाताना मला पूर्वी फक्त आजी आठवायची.

मागच्या मे महिन्यात रोहण्याच्या घराचा माळा आवरला. एका ट्रंकेत आजोबांचं धोतर निघालं. कापड इतकं विरलेलं की घडी उलगडताना दोन ठिकाणी फाटलं. काठाजवळ बोटभर जागेत दोन काळे ठिपके आणि त्याखाली एक आडवी रेघ होती, कालच घातल्यासारखी. मामाने ती बघितली आणि म्हणाला, "आपल्या घराची खूण."