सुट्टीचं जहाज आणि सात छोटे भोंगे

 

हल्ली तुमच्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो. आम्ही पहिल्यांदाच क्रूझला चाललोय, मुलं लहान आहेत, काय लक्षात ठेवू? इतिहासाच्या माणसाला हा प्रश्न का विचारता, असं सुरुवातीला वाटलं. मग गेल्या हिवाळ्यात आम्हीही आमच्या सात आणि चार वर्षांच्या मुलींना घेऊन मुंबईहून गोव्याला तीन रात्रींची सहल करून आलो. तेव्हा लक्षात आलं की याचं खरं उत्तर इतिहासातच आहे. मौजेसाठी मुलांना घेऊन समुद्रावर जाणं ही गोष्ट फार नवी आहे. आणि ती मौज सुरक्षित कशी झाली, ही त्याहून वेगळी कहाणी आहे.

आधी मौज नव्हती तेव्हाचं बघू. १८८३ साली पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी मनोरमा होती. वय जेमतेम दोन वर्षं. नवरा वारलेला, समुद्र ओलांडणं म्हणजे धर्मबाह्य कृत्य मानणारा समाज मागे, आणि पुढे अनोळखी देश. या प्रवासावर रमाबाईंनी मराठीत लिहिलं, म्हणून त्याची नोंद आपल्या भाषेत उरली. दोन वर्षांच्या मुलीला बोटीवर सांभाळणारी आई आजही आपल्याला दिसते, पण रमाबाईंचा तो प्रवास सुट्टीचा नव्हता.

त्याच्याही आधी, १८३४ पासून, करारावरचे मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला जाऊ लागले. बरेचसे कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही गेले. त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. काहींबरोबर बायका-मुलं होती. शिडाच्या जहाजावर कित्येक आठवडे काढायचे, मोजून दिलेलं पाणी, आणि साथ आली तर सगळ्यात आधी लहान मुलं जायची. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या त्या मुलांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते.

आपल्या किनाऱ्यावर होती आगबोट. माझे आजोबा नोकरीसाठी बडोद्याला आले, पण आजी मालवणची. माहेरपण झालं की ती लेकरं घेऊन आगबोटीनं मुंबईला यायची. मालवणला मोठी बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. लाटेबरोबर पडाव वर गेला की तेवढ्या क्षणात लहान मूल खालून वर द्यायचं आणि वरच्यानं झेलायचं. आजी म्हणायची, "पोर आधी, मग पेटी, मग मी." वर गेलं की डेकवर चादर अंथरून जागा धरायची. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ अशी बंदरं घेत बोट मुंबईला यायची. या प्रवासाला कुणी सहल म्हणत नव्हतं. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, म्हणून आगबोट.

मग मौजेची बोट आली कुठून? तिच्या मुळाशी रिकामी जहाजं आहेत. जर्मनीतल्या हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे अल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक अडचण होती. उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडणाऱ्यांची गर्दी असायची, पण हिवाळ्यात महागडी जहाजं बंदरात नुसती उभी राहायची. बालिन यांनी ठरवलं की हीच जहाजं उबदार समुद्रात फिरवू आणि हौशी श्रीमंतांना तिकिटं विकू. जानेवारी १८९१ मध्ये 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या फेरीला निघालं. सहलीची जहाजं याआधीही निघाली होती, पण बंदरोबंदरी फिरून परत तिथंच आणणारा, मोठ्या जहाजकंपनीनं नियमित केलेला क्रूझचा धंदा रुजला तो या फेरीपासून.

दुसरा धक्का विमानानं दिला. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची सेवा सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. प्रवासी जहाजांचं कामच संपलं. तेव्हा काही कंपन्यांनी अमेरिकेतल्या मायामीहून कॅरिबियन बेटांच्या स्वस्त सहली सुरू केल्या. कुठे पोचायचं हा प्रश्नच उरला नाही, जहाज हेच ठिकाण झालं. ठिकाण झालं म्हटल्यावर मुलांचा विचार आला. १९९८ मध्ये डिस्ने कंपनीनं मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं जहाज पाण्यात आणलं. २०२४ च्या जानेवारीत निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' तर टायटॅनिकच्या पाचपट टनांचं आहे, आणि त्यावर लहान मुलांच्या कुटुंबांसाठी एक अख्खा भाग राखलेला आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झालं. नाव कान्होजी आंग्र्यांची आठवण देणारं.

इथपर्यंतची कहाणी जाहिरातीत शोभेल अशी आहे. आता दुसरी कहाणी, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यानं ही ऐकायलाच हवी.

बडोद्यात वाढल्यामुळे 'वीजळी'चं लोकगीत मी लहानपणापासून ऐकत आलो. 'वैतरणा' असं त्या आगबोटीचं नाव. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनी तिला वीजळी म्हटलं. नोव्हेंबर १८८८ मध्ये ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं होती असं मानतात. लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती असं लोक सांगतात. वाचलं कुणीच नाही.

१९०४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला 'जनरल स्लोकम' नावाची बोट एका चर्चच्या वार्षिक सहलीला निघाली. दिवस कामाचा होता, म्हणून बोटीवर बहुतेक बायका आणि मुलंच. आजच्या कौटुंबिक सहलीसारखीच सहल. वाटेत आग लागली. पाण्याचे पाइप कुजलेले, ते फुटले. लाइफबोटी जागच्या हलल्या नाहीत. आणि लाइफजॅकेटांतल्या बुचाचा जुनाट भुगा झालेला. आयांनी मुलांना ती जॅकेटं बांधून पाण्यात सोडलं आणि मुलं डोळ्यांदेखत बुडाली. त्या दिवशी हजाराहून अधिक माणसं गेली. बोटीवर जॅकेटं होती, तपासणीही झालेली होती, पण कागदावर.

मग १९१२ चं टायटॅनिक. जहाजावर बावीसशेहून अधिक माणसं आणि लाइफबोटींत जागा ११७८. यात कायदा मोडलेला नव्हता. तेव्हाचा ब्रिटिश नियम माणसं न मोजता जहाजाचे टन मोजून लाइफबोटी ठरवायचा. दुसऱ्या वर्गातली सगळी मुलं वाचली. तिसऱ्या वर्गातल्या मुलांपैकी साधारण दोन-तृतीयांश गेली. आपलं मूल कोणत्या मजल्यावर झोपलंय यावर त्याचा जीव ठरला.

या संतापातून जानेवारी १९१४ मध्ये लंडनला समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 'सोलास' म्हणतात. जितकी माणसं तितक्यांना लाइफबोटीत जागा, हे तत्त्व तिथं मान्य झालं. पुढे करार अनेकदा बदलला आणि आज १९७४ चा मसुदा सुधारणांसह चालतो.

पण लंडनच्या कराराचा हात प्रत्येक किनारी बोटीपर्यंत पोचत नव्हता. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, स्वातंत्र्याला महिनाही उरलेला नाही. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटांनी तिला गाठलं. बोट कलली तशी घाबरलेली माणसं एकाच वेळी एका बाजूला धावली आणि बोट उलटली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईला बातमी कळायलाही कित्येक तास लागले. 

शेवटचा टप्पा अगदी आपल्या काळातला. १३ जानेवारी २०१२, इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं. नवं जहाज, भरपूर लाइफबोटी. तरीही ३२ माणसं गेली, त्यांत पाच वर्षांची एक मुलगी होती. मुंबईचा एक वेटरही होता. त्याचा मृतदेह सगळ्यात शेवटी, जवळजवळ तीन वर्षांनी सापडला. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. जहाज सोडण्याचा हुकूमही धडकेनंतर तासाहून अधिक वेळानं आला. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावीच लागते.

म्हणूनच तुम्ही जहाजावर पाऊल ठेवता, मुलं स्विमिंग पूलकडे ओढतात, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजतो. सात छोटे आणि एक लांब. आमच्या जहाजावर हे झालं तेव्हा आजूबाजूचे बरेच जण मोबाइलवर होते. कुणी सेल्फी घेत होतं, कुणी हे कधी संपणार म्हणून वैतागलं होतं. माझ्या धाकटीला लाइफजॅकेट बांधायला घेतलं, तर तिनं ओठ काढून विचारलं, "बाबा, आपण बुडणार आहोत का?"

माझी बायको म्हणाली, "नाही गं. शाळेत आग लागल्याची प्रॅक्टिस करता ना, तसंच." मग मी मोठीला बोटीवरच्या आमच्या जागेचं अक्षर तीन वेळा म्हणायला लावलं आणि खोलीपासून तिथपर्यंतची वाट तिलाच दाखवायला सांगितली. दुसऱ्यांदा ती आमच्या पुढे धावत गेली. धाकटीला जॅकेटावरची शिट्टी इतकी आवडली की ती काढून घेताना खरं रडू आलं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. खोलीत शिरल्याबरोबर मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते बघा. प्रौढांचं जॅकेट मुलाच्या अंगावरून निसटतं. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं माप वेगळं, त्यावरच्या मुलांचं वेगळं. दूरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट हवं असा नियम आहे. नसेल तर संकोच न करता मागून घ्या. मूल मुलांच्या खोलीत खेळायला सोडलं असेल आणि भोंगा झाला, तर त्याला कोण आणणार, तुम्ही की तिथले कर्मचारी, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. नाही तर दोघंही एकमेकांकडे उलट दिशेनं धावाल, आणि रामदासची माणसं कशी धावली ते आत्ताच सांगितलं.

हे ऐकून जाणं रद्द करू नका. आम्ही पुन्हा जाणार आहोत. पहाटे डेकवर उभं राहून मी मुलींना अंधारातला कोकणचा किनारा दाखवला आणि सांगितलं की तिकडं कुठंतरी मालवण आहे, तुमची पणजी तिथून पडावातून यायची. मोठीनं विचारलं, "तिला जॅकेट होतं का?"

नव्हतं, मी म्हटलं.

त्या काळोखात मधेच उघडझाप करणारा एक दिवाही दिसत होता. पुढच्या भागात त्याच्याबद्दल, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या दीपगृहांबद्दल बोलू. तोवर, तुमच्या घरात आगबोटीच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर त्या लिहून घ्या आणि आम्हाला कळवा. नमस्कार.