बर्फाचे पांघरूण

ही व्याख्याने ज्या दिवसांत होतात ते दिवस चैत्र-वैशाखाचे. दिवसभर तापलेली घरे संध्याकाळी जराशी निवू लागली म्हणजे आपण येथे जमतो. तेव्हा घर का तापते आणि का निवते, हा प्रश्न या मांडवात अप्रस्तुत ठरू नये. मात्र त्या प्रश्नाकडे आम्ही आडवाटेने जाणार आहोत. ती वाट अमेरिकेतील बोस्टन बंदरातून निघते, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांना जाऊन भिडते, आणि तिच्यावरून जो माल आला तो होता बर्फ.

आरंभ एका पोरकट प्रश्नाने करू. उसाच्या रसाच्या दुकानात बर्फाची लादी लाकडाच्या भुशात पुरलेली आणि वरून गोणपाटाने झाकलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पाहून लहान मूल विचारते, पांघरूण घातल्यावर बर्फाला ऊब लागून तो लवकर नाही का वितळणार? या प्रश्नाला कोणी हसू नये. घोंगडी ऊब देते असे आपण मोठी माणसेही म्हणतोच. वास्तविक घोंगडीपाशी द्यावयाला काही नाही. ऊब असते ती आपल्या अंगची. घोंगडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. ही राखण तिला दोन्ही बाजूंनी सारखीच साधते. आत माणूस असेल तर आतली उष्णता आत राहते, आणि आत बर्फ असेल तर बाहेरची बाहेर राहते. शास्त्रीय ग्रंथांत यालाच उष्णतारोधन म्हणतात.

आता घोंगडीत ही राखण करतो कोण? लोकर, असे उत्तर चटकन येईल. पण ते अपुरे आहे. बेंजामिन टॉमसन, म्हणजे पुढे काउंट रमफर्ड म्हणून प्रसिद्धीस आलेला गृहस्थ, जन्माने अमेरिकन, चाकरीने बव्हेरियाच्या राज्यकर्त्याचा. तेथील सैनिकांच्या कपड्यांची चिंता त्याच्या वाट्याला आली आणि कोणते कापड किती ऊबदार हे मोजण्याचा नाद त्याला लागला. काचेच्या गोळ्यात उष्णतामापक बसवून मधल्या जागेत तो लोकर, कापूस, रेशीम, सशाचे केस, बदकाची पिसे असे एकेक द्रव्य भरी आणि तापविलेला मापक निवण्यास किती वेळ लागतो ते पाही. १७९२ साली त्याने हे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुटे, पिंजलेले रेशीम भरले म्हणजे मापक सावकाश निवे. तितक्याच वजनाचा पिळदार रेशमी दोरा भरला म्हणजे तो लवकर निवे. द्रव्य तेच, वजन तेच. फरक पडला तो मधल्या हवेच्या कोंडणीत. गोळ्यातील बहुतेक जागा हवेचीच होती. रमफर्डची पुढची अनुमाने सगळीच टिकली नाहीत, पण हे टिकले. मोकळी हवा वाहते आणि वाहताना उष्णता नेते; तंतूंच्या जाळ्यात अडकून पडलेली, जागची न हलणारी हवा मात्र उष्णतेला फार थोडी वाट देते. पाणी हवेच्या सुमारे चोवीसपट उष्णता वाहून नेते. भिजलेली घोंगडी अंगावर निरुपयोगी होते ती यामुळे.

सृष्टीने ही युक्ती फार पूर्वीच साधली आहे. थंडीच्या सकाळी तारेवर बसलेली पारवी पिसे फुलवून गोल गोल होतात, ती पिसांत जास्त हवा धरून ठेवण्यासाठी. ताज्या पडलेल्या हिमात नव्वद टक्के हवा असते, आणि म्हणून हिमाखाली पुरलेले बीज वरच्या कडाक्यातही जगते. पण आपल्यासारख्या उष्ण देशातल्या माणसाला सर्वांत बोधप्रद वाटावे ते उंटाचे उदाहरण. वाळवंटातल्या जनावराच्या पाठीवर एवढी लोकर कशासाठी? श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने सहारात उंटाची लोकर कातरून पाहिली. कातरलेला उंट न कातरलेल्या उंटापेक्षा घामावाटे सुमारे दीडपट पाणी गमावू लागला. हे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध झाले. उंटाची लोकर म्हणजे उन्हाविरुद्ध पांघरलेली घोंगडीच होय.

हे शास्त्र कागदावर उतरण्यापूर्वी आपल्या देशातील अक्षरशत्रू कामकऱ्यांनाही त्याची खूण पटलेली होती. अलाहाबादेकडे बर्फ कसा करीत याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली रॉयल सोसायटीला लिहून पाठविले. उघड्या मैदानावर सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे घेत. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे फूटभर जाडीची अंथरीत आणि त्यांवर बिनझिलईचे उथळ मातीचे परळ पाण्याने भरून ओळीने मांडीत. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही पहाटे परळांत बर्फ धरलेला असे. पाण्यातली उष्णता किरणांच्या रूपाने मोकळ्या आकाशाकडे निघून जाई, आणि खालच्या जमिनीची उष्णता वर येऊ नये म्हणून हे चिपाडांचे अंथरूण. काशीचे असेच बर्फाचे मळे पाहून १७९३ साली लिहिणाऱ्या दुसऱ्या एका निरीक्षकाने नोंदविले आहे की खालचे गवत कोरडेच लागते, भिजले तर बदलावे लागते. किरणांची उपपत्ती वेल्सने दवावरील आपल्या निबंधात सांगितली ती १८१४ साली. सूर्योदयापूर्वी वेचलेला हा बर्फ चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात साठवीत. त्याला आतून आधी पेंढ्याचे आणि मग जाड्याभरड्या कांबळ्याचे अस्तर असे, वर गवताचे छप्पर. पुन्हा घोंगडीच!

परंतु असा बर्फ थोडा, मळकट आणि उत्तर हिंदुस्थानच्या हिवाळ्यापुरताच. मुंबईला तो मिळण्याची सोय नव्हती. ती सोय केली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने. हा गृहस्थ १७८३ चा. त्याच्या प्रांतात हिवाळ्यात तळी गोठत, आणि तो बर्फ फुकट होता. उष्ण देशांतील लोक त्याला पैसे देतील, एवढीच त्याची कल्पना. १८०६ साली त्याने सुमारे १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला. गावाने त्याला वेड्यात काढले. बर्फ पोहोचला, पण तेथे तो ठेवावयास घर नव्हते. बंदरात जहाजावरून विकता विकता माल वितळून गेला आणि ट्यूडर कर्जात बुडाला. पुढे १८१२ आणि १८१३ साली कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला.

मार्टिनिकच्या नुकसानीतून तो जे शिकला ते आमच्या विषयाचे मर्म आहे. बर्फ मिळवणे ही अडचण नव्हतीच. अडचण होती तो राखण्याची, आणि राखण म्हणजे घर. १८१६ साली त्याने क्युबातील हवाना येथे बर्फघर उभारले: एका लाकडी घराच्या पोटात दुसरे घर, आणि दोन्ही भिंतींमधली पोकळी उष्णतारोधक द्रव्याने भरलेली. पेंढा, भाताचे तूस, लाकडाच्या ढलप्या, कोळशाचा चुरा, सगळे त्याने करून पाहिले आणि अखेर लाकडाच्या भुशावर त्याचे मन बसले. शेजारच्या मेन प्रांतातील लाकूडगिरण्यांना हा भुसा कोठे टाकावा याची विवंचना होती. तो नद्यांत जाऊन साचत असे. ज्या कचऱ्याला कोणी पुसत नव्हते तो या माणसाने पैसे देऊन उचलला. दुसरी सुधारणा त्याचा साथीदार नॅथॅनिएल वाएथ याची. १८२५ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढावयाचा बर्फाचा नांगर केला. त्यामुळे वेड्यावाकड्या ढेपांऐवजी चौकोनी लाद्या निघू लागल्या. लाद्या एकमेकींना खेटून बसल्या की मध्ये हवा खेळावयास फट उरत नाही. शिवाय ढीग जेवढा मोठा तेवढा त्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी: बाजू दुप्पट केली तर बर्फ आठपट होतो, पण उन्हाला सामोरा जाणारा भाग चौपटच. आणि बर्फ स्वतःही चिवट आहे. एक किलो बर्फ नुसता वितळवण्यास जेवढी उष्णता लागते तेवढीत तितकेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापते.

एवढ्या भांडवलावर १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. अमेरिकेकडून हिंदुस्थानात विकण्याजोगा माल त्या काळी थोडाच असे. जहाजे तळाशी दगडांचे नीरम भरून येत, म्हणून बर्फाला भाडे कमी पडले. जहाजाच्या पोटात फळ्यांची दुहेरी कोठडी केली होती आणि दोन फळ्यांमध्ये कातडी कमावून उरलेल्या सालींचा कोरडा चुरा ठासला होता. सोळा हजार मैलांचा प्रवास, चार महिने, आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे. सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! सरकारने त्यावरील जकात माफ केली, रात्री माल उतरवण्याची मुभा दिली, आणि गव्हर्नर जनरल बेंटिंक याने ट्यूडरचा प्रतिनिधी रॉजर्स यास चांदीचा पेला नजर केला. ज्या राज्यकर्त्यांना देशातल्या पुष्कळ गोष्टींची घाई नव्हती, त्यांना या एका गोष्टीची मात्र फार घाई झालेली दिसते.

मुंबईला अमेरिकन बर्फ पुढच्याच वर्षी, १८३४ साली आला. तो मागविण्यात जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीचा पुढाकार होता. जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले, आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली तेव्हा 'मुंबई समाचारा'ने परकी पदार्थ खाल्ल्याची ही शिक्षा असा शेरा मारला, अशी गोष्ट मुंबईचे जुने इतिहासकार सांगतात. ती खरी असो वा रचलेली असो, बर्फ म्हणजे बड्या घरचे कौतुक होते एवढे तिच्यातून दिसते. पुढे कोट भागात, गोदीजवळ, स्कॉच लोकांच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी घुमटाचे बर्फघर उभे राहिले. आज ते नाही.

इकडे ट्यूडरच्या देशात थोरो नावाचा लेखक वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याच्या तळ्यावरचा बर्फ कापून नेण्यास माणसे आली. आपल्या तळ्याचे पाणी आता मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पिणार, याची त्याला मोठी गंमत वाटली. आपल्या १८५४ च्या पुस्तकात त्याने आणखी एक नोंद केली आहे, आणि आमच्या दृष्टीने तीच मोलाची. त्या हिवाळ्यात काठावर सुमारे दहा हजार टनांचा एक ढीग रचून गवत आणि फळ्यांनी झाकला होता. पुढच्या जुलैत तो उघडला, काही बर्फ नेला, बाकीचा उन्हात तसाच पडून राहिला. तरी तो पुरता वितळण्यास १८४८ चा सप्टेंबर उजाडावा लागला.

१८७० नंतर यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा व्यापार हां हां म्हणता बुडाला. त्याचे आम्हांस दुःख नाही. पण त्या व्यापाऱ्यांनी घर बांधताना जी अक्कल खर्च केली ती आपल्या घरांच्या वेळी कोठे जाते, हे विचारण्याचा मोह होतो. देशावरचे जुने माळवद पाहा: तुळया, त्यांवर किलच, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती भुशासारखी उष्णता अडवीत नाही. ती तिला उशीर लावते. दुपारचे ऊन घरात उतरेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. कोकणात पेंढ्याने शाकारलेले छप्पर म्हणजे तर कोंडलेल्या हवेची गादीच, आणि खाली पोटमाळा. ही घरे सुखाची होती असे आम्ही म्हणत नाही. दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी, वाळवी, गळती आणि आगीचे भय यांना कंटाळूनच लोकांनी कौले, पत्रा आणि सिमेंट जवळ केले. परंतु कोरड्या भुशाच्या सुमारे वीसपट उष्णता वाहणाऱ्या काँक्रीटचा पाच इंचांचा स्लॅब डोक्यावर घेताना, माळवदाचे कोणते काम आता कोणी करावयाचे, हा हिशेब कोणी मांडला नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना तो रोज रात्री अंथरुणात पडल्यावर मांडावा लागतो.

पत्र्याखाली राहणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट. तेथे उशीरही नाही; पत्रा तापला की क्षणात त्याची धग खाली. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसे अधिक मेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना केली आणि २०१७ पासून झोपडवस्त्यांतील छपरांना पांढरा चुना लावण्याचे काम हाती घेतले. चुना ऊन परतवतो. अडवण्याचे काम तरी उरतेच. त्यासाठी आज थर्माकोलचे तक्ते मिळतात. त्यांत शंभर भागांतील अठ्ठ्याण्णव भाग हवा असते, म्हणजे ट्यूडरचा भुसाच नव्या वेषात. १८३३ साली बर्फाच्या लादीभोवती दोन भिंती घालण्याइतकी काळजी कोणाला तरी वाटली, कारण वितळलेल्या लादीचा तोटा वहीत लिहिला जाई.

एक गोष्ट मात्र सांगावयास हवी, नाही तर घराभोवती नुसता भुसा ठासला म्हणजे झाले असा कोणाचा समज होईल. बर्फ स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; माणूस करतो. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सारखी बाहेर टाकीत असतो, आणि वर त्याला श्वास घ्यावयाचा असतो. मद्रासला १८४२ च्या सुमारास बांधलेले बर्फघर धंदा बुडाल्यावर बिळिगिरी अय्यंगार या वकिलाने विकत घेतले. लादी राखण्यासाठी बांधलेल्या त्या बंद वास्तूत त्याला माणसांसाठी भरपूर खिडक्या आणि भोवती गोल सज्जे करून घ्यावे लागले. पश्चिमेचा दौरा संपवून परत आलेले स्वामी विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत नऊ दिवस तेथेच उतरले होते. इमारत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर अजून उभी आहे. तिला आता विवेकानंदांचे नाव दिले आहे, पण गावातले लोक तिला आइस हाउस असेच म्हणतात.