अनामिकतेची सिद्धता (यदृच्छ प्रोटोकॉलांतील)

संदेश कोणी पाठवला, बिल कोणी भरले, मत कोणाचे कोणाला पडले, हे बघणाऱ्याला कळणार नाही अशी हमी देणाऱ्या प्रोटोकॉलची ती हमी गणिताने तपासण्याची पद्धत. येथे लपवायचा असतो माणूस. मजकूर उघडा असला तरी चालतो. असे बरेच प्रोटोकॉल नाणेफेकीसारख्या निवडीवर चालत असल्याने सिद्धतेत संभाव्यता शिरते.

मूळ उदाहरण : डेव्हिड चॉम यांचे ‘जेवायला बसलेले कूटतज्ज्ञ’ (1988). तिघे हॉटेलात बसले आहेत. वेटर सांगतो, बिल भरले गेले. भरणारा आपल्यातला की बाहेरचा, एवढेच त्यांना हवे आहे. आपल्यातला असेल तर नाव नको. शेजारच्या दर दोघांत मेनूकार्डाआड एक नाणे उडते, ते त्या दोघांनाच दिसते. प्रत्येक जण आपल्याला दिसलेली दोन नाणी ‘सारखी’ की ‘वेगळी’ हे मोठ्याने सांगतो. बिल भरणारा तेवढा उलटे बोलतो. ‘वेगळी’ची संख्या विषम आली, तर भरणारा टेबलावरचाच.

आता न भरलेल्या ‘ब’च्या जागी बसून पाहू. त्याला दोन्ही नाणी छापा दिसली. ‘अ’ म्हणाला सारखी, ‘क’ म्हणाला वेगळी. अ आणि क यांच्यातले नाणे ब‌ला दिसत नाही. ते छापा असेल तर क खोटे बोलला, काटा असेल तर अ. नाणे सरळ असेल तर दोघांवर संशय निम्मा-निम्मा. पण नाणे दहांत नऊ वेळा छापा देणारे निघाले, तर क‌ने बिल भरल्याची संभाव्यता थेट 9/10 होते. नियम तेच, शब्द तेच, फक्त नाणे खोटे.

व्याख्या : स्टीव्ह श्नायडर आणि अब्राहम सिडिरोपूलोस (1996) यांनी सीएसपी या प्रक्रिया-भाषेत अनामिकतेची कसोटी दिली : माणसांची नावे आपसात बदलली तरी बाहेरून दिसणारे वर्तन तेच राहावे. ही कसोटी ‘काय घडू शकते’ एवढेच पाहते, त्यामुळे वरचे खोटे नाणे तिच्या हाती लागत नाही. मोहित भार्गव (तेव्हा आयआयटी दिल्ली) आणि कातुशिया पालामिदेसी यांनी 2005 मध्ये संभाव्यतेतली कसोटी मांडली : जे दिसले ते दिसण्याची संभाव्यता, कर्ता कोणीही असला तरी, सारखीच हवी. हेच ज्ञानाच्या (कोणाला काय माहीत आहे याच्या) तर्कशास्त्रातून मांडावे, असे हॅल्पर्न आणि ओनील यांचे म्हणणे. कोणती व्याख्या मूळ मानावी, याबद्दल अभ्यासक एकमुखाने बोलत नाहीत.

क्राउड्स : रायटर आणि रुबिन, 1998. संदेश गर्दीतल्या एकाकडून दुसऱ्याकडे यदृच्छ फिरतो. येथे हमी कमी पातळीची : पाठवणाऱ्यावरचा संशय निम्म्यापुढे जाऊ नये. पुढे ढकलण्याची संभाव्यता 3/4 आणि गर्दीतले फितूर 4 असतील, तर गर्दी किमान 15 जणांची लागते. विताली श्मातिकोव यांनी प्रिझम या पडताळणी-साधनाने दाखवले की, फितुरांना एकाच माणसाचे अनेक मार्ग जुळवता आले, तर गर्दी वाढूनही अनामिकतेचे काही प्रकार उलट ढासळतात.

मिक्स-जाळी : चॉम, 1981. अनेकांचे संदेश मिसळून, क्रम बदलून पुढे पाठवणारी यंत्रणा.

चेन्नई आणि मतदान : चेन्नईत या विषयाची वाट मतपेटीतून गेली. ए. बास्कर, आर. रामानुजम आणि एस. पी. सुरेश यांनी 2007 मध्ये मतदान-प्रोटोकॉलमधील अनामिकता ज्ञानाच्या तर्कशास्त्रात मांडली. रामानुजम तेव्हा तरमणीच्या गणितशास्त्र संस्थेत होते, सुरेश चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये. प्रोटोकॉल निर्दोष असला तरी निकाल स्वतःच फितूर होऊ शकतो. समजा, चेन्नईच्या अण्णा नगर मतदारसंघातल्या एखाद्या केंद्रावर सगळी मते एकाच उमेदवाराला पडली, तर त्या केंद्राच्या मतदारयादीतल्या हजर माणसांचे गुपित आकडेवारीनेच फोडले. कागदी मतपत्रिकांच्या काळी निवडणूक नियम 59-अ प्रमाणे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. मतदान यंत्रे आली आणि मोजणी केंद्रवार झाली. 14 यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला, विधी आयोगाने 255 व्या अहवालात (2015) त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने विरोध केला. मोजणी केंद्रवारच राहिली.