खालची खोली

आमच्या वावर गावात सपाट जागा कमी. उतारावर घर बांधलं की मागची बाजू डोंगराला टेकते आणि पुढचं जोतं पुरुषभर उंच होतं. बा त्या जोत्याखालच्या पोकळीत लाकूडफाटा नि पेंढ्याचे भारे ठेवायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे भाड्याची खोली काढायचं ठरवलं, ती नर्सबाईंसाठी. 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला आमचं नाव कळलं. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. दवाखान्याचं माणूस रात्री गावात नसलं की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. मुक्कामाला राहा म्हणायचं, तर राहायला खोली नको?

खोलीच्या परवानगीसाठी हिंडताना मला आज्याचं घर आठवलं. आमचं जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं. जव्हार शहरात 1918 पासून नगरपालिका होती, पण पाड्यावर घरासाठी कागद कुणी मागत नसे. जाणत्यांना विचारून जागा धरायची, भगताकडून तांदळाचे दाणे पाहून घ्यायचे, बस. कुड कारवीचा, वर शेणमातीचा लिंप, आणि छपराला पेंढा. अडायचं ते खांबांपाशी. खांब सागाचा हवा, आणि साग सरकारचा. आजा सांगायचा, जागा गावाने दिली, पण घर उभं राहिलं जंगलवाल्याच्या मर्जीने. शेजारचं मोखाडं इंग्रजी मुलखात होतं, तिथेही हीच तक्रार. ठाणे-कुलाब्याच्या जंगलांतली गाऱ्हाणी इतकी वाढली की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं. मग 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला आणि त्याच्या 52 व्या कलमाने घर बांधण्याआधी पंचायतीची परवानगी घेणं आलं. ही वाट गावठाणात घर असलेल्यांची. ज्यांचं घर वनजमिनीवर, त्यांना कुणाकडेच अर्ज करता येईना. तीन पिढ्या एकाच चुलीवर भाकरी भाजून सरकारदरबारी ते अतिक्रमण करणारेच राहिले. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा मान्य केला, त्यात राहती जागाही धरली. पण त्या घरातल्या मुलांची लग्नं झाली की नवी घरं कुठे बांधायची? सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी या कायद्यात बदल करणारी अधिसूचना काढली आणि लगतच्या वनक्षेत्रात घर बांधायची वाट मोकळी केली. माझ्या मते आमच्याकडच्या घरांच्या इतिहासात याहून मोठा कागद नाही.

माझं घर गावठाणातलं, म्हणून मला पंचायतीत फार त्रास झाला नाही. नकाशा दिला, घरपट्टीची बाकी भरली, नमुना 8 चा उतारा जोडला. अडलं ते भाड्यापाशी. मी आदिवासी, नर्सबाई कोल्हापूरकडच्या, बिगरआदिवासी. एका कार्यालयात मला सांगितलं, जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ लागतं, खोली देता येणार नाही. तीन महिने मी त्या टेबलावरून या टेबलावर फिरलो. शेवटी ती संहिता स्वतः वाचली. 1974 मध्ये घातलेलं हे कलम आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून आहे. पट्टा किंवा गहाण असेल तर पाच वर्षांपर्यंतच, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने; विक्रीला तर शासनाचीही मान्यता लागते. माझी जमीन कुठे जात होती? बाईंना फक्त राहायला खोली हवी होती, कागद अकरा महिन्यांचा. हे पटायला आणखी दोन हेलपाटे झाले.

तरी त्या कलमाला मी नावं ठेवणार नाही. सावकाराच्या वहीत अंगठा उठवून शेतं गेलेली माणसं आमच्याच नात्यातली होती. डहाणू-तलासरीकडे 1945 मध्ये वारली उठले, ते वेठीविरुद्ध. आणि जमीन हातची गेल्यावरच माणूस वेठीला लागतो. कलम राहू द्या, ते नीट वाचणारा माणूस मात्र टेबलामागे बसवा.

खोलीच्या कामात खरी कसोटी पाण्याची. मागच्या भिंतीला डोंगर टेकलेला, पावसाळ्यात तिथून झरा फुटल्यासारखी ओल यायची. गवंड्याने वरच्या अंगाला गुडघाभर चर खणून पाणी बाजूला काढलं. भिंतीमागे दगडगोटे भरले, जमीन वीतभर उचलली. दार आणि दोन खिडक्या दरीकडे ठेवल्या, म्हणजे वारा येतो. चुलीऐवजी गॅसचा ओटा, कोपऱ्यात मोरी. बाच्या लाकूडफाट्यासाठी परसात वेगळं छप्पर घातलं.

बाई ज्येष्ठात राहायला आल्या. त्या आषाढात रात्री-अपरात्री दोनदा पाड्यावरची माणसं बॅटरी घेऊन उतारावरून आली. दोन्ही वेळा त्यांनी माझं दार वाजवलं नाही, थेट खालचं वाजवलं.