माजी सैनिकांचे आरोग्य : दीर्घकालीन संशोधन

सैन्यातून सुटलेल्या माणसाच्या पुढील आयुष्यात युद्ध, प्रशिक्षण आणि सेवेतील हवामान यांचे शरीर-मनावर होणारे परिणाम पाठपुराव्याने शोधणारी सार्वजनिक आरोग्याची शाखा. जखम रणांगणावर दिसते. तिची पुढची दुखणी पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी, शिपाई गावी शेती किंवा शहरात पहाऱ्याची नोकरी करत असताना डोके वर काढतात. म्हणून या संशोधनाचा खरा पाया नोंदवही हाच आहे : कोण कुठे होता, कशाच्या संपर्कात आला आणि पुढे त्याचे काय झाले.

मुंबईला माजी सैनिकांच्या आरोग्याचा प्रश्न जुना आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांसाठी 1917 साली येथे क्वीन मेरीज तंत्रशाळा निघाली. ती नंतर खडकीला गेली. वर्सोव्यातील आरामनगरच्या बराकी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारल्याचे सांगतात. फाळणीनंतर तेथे निर्वासित राहिले. अशा रीतीने सैन्य पांगले की त्याच्या आरोग्याची माहितीही पांगते. पाठपुराव्याची मुख्य अडचण हीच.

मज्जारज्जूच्या दुखापतीत पाठपुराव्याची गरज विशेष जाणवते. लुळे पडलेल्या सैनिकाला पुढची सारी वर्षे शय्याव्रण, मूत्रमार्गाचे संसर्ग आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी झगडावे लागते. 1965च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयात उपचार घेताना पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांचे यश असामान्य होते. बाकीच्यांना अखंड शुश्रूषा लागते. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र (1974) ती देते. हातपाय गमावलेल्यांसाठीच्या पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्राची परंपरा 1944 पासूनची आहे.

दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाठपुराव्यात, गुडघ्याच्या वर पाय तोडलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. इतका उशिराचा धोका नोंदी जपल्यामुळेच कळला. व्हिएतनाममधील ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकातील डायॉक्सिन आणि 1991च्या आखाती युद्धानंतरचा थकवा, सांधेदुखी, विस्मरण यांवरही अशीच वर्षानुवर्षे पाहणी झाली. मात्र भरतीच्या वेळी निरोगी तरुणच निवडले जात असल्याने त्यांची तुलना सर्वसाधारण लोकांशी केली, तर सेवेची हानी झाकली जाते. तुलना सैनिकांच्याच दुसऱ्या गटाशी करावी लागते.

भारतात शिपाई बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. त्याचे अर्धे आयुष्य उरलेले असते. 2003 पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिक त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार देतात. दीर्घ अभ्यासाला याहून सोयीची जागा नाही, कारण तोच रुग्ण वर्षानुवर्षे तेथे येतो. 2022च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणारे अग्निवीर या आरोग्य योजनेत बसत नाहीत. उपचारांचा हक्क असो वा नसो, त्यांची आरोग्यनोंद सुटल्या दिवसापासून ठेवली गेली पाहिजे.